टिपणीस सरांच्या बेगमा

टिपणीस सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "बरं," म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेली जुडी निवडून संपवली. माणूस जिवंत असतानाच त्याच्याबद्दलचं आपलं मत पक्कं झालेलं असलं, की त्याच्या मरणानं त्यात काही भर पडत नाही.

शोकसभेला मात्र गेले. आमच्या कर्जतमध्ये शोकसभा कुणाचीही असो, एक जण ‘ऋषितुल्य’ म्हणतो आणि दुसरा ‘चालताबोलता ज्ञानकोश’ म्हणतो. दोघांचंही बोलून झालं. मग सरांचे एक माजी विद्यार्थी उठले आणि म्हणाले, "भोपाळच्या बेगमांचा विस्मृतीत गेलेला इतिहास सरांनी एकट्यानं उजेडात आणला." त्या ‘एकट्यानं’वर मला असा ठसका लागला की शेजारच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढं केली. त्यांना वाटलं, मी रडतेय.

म्हणून हे लिहितेय. मला तिथं कुणी बोलायला बोलावलं नव्हतं. बोलावलं असतं तर मीही ‘ऋषितुल्य’च म्हणाले असते, इतकी मी स्वतःला ओळखून आहे.

सर आमच्या कॉलेजात इतिहास शिकवत आणि मी तिथं ग्रंथपाल होते. ते घरी जेवायला आणि झोपायला जात. बाकी सगळा वेळ माझ्या ग्रंथालयात, पंख्याखालच्या टेबलाशी. ते टेबल त्यांचं होतं असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण दुसरं कुणी बसलं की सर त्याच्या डोक्याशी येऊन उभे राहत आणि घसा साफ करत. तिसऱ्या घशाला माणूस उठे. उंच, गोरे, कडक इस्त्रीचा बुशशर्ट, खांद्याला शबनम आणि शबनममध्ये उकळून गार केलेल्या पाण्याचा थर्मास. कॉलेजचं पाणी ते कधी प्यायले नाहीत. मला नावानं हाक मारल्याचंही आठवत नाही. "अहो ग्रंथपाल," एवढंच.

त्यांचा विषय भोपाळच्या बेगमा. भोपाळ हे मुसलमान नबाबांचं संस्थान, आणि तिथं एकामागून एक चार बायकांनी मिळून शंभरएक वर्षं कारभार केला. पहिलीचा नवरा ऐन तारुण्यात गेला. तिनं तान्ह्या मुलीला गादीची वारस ठरवलं आणि दरबारातल्या पुरुषांना ते मान्य करायला लावलं. तिथून गादी आईकडून मुलीकडं जात राहिली. ती मुलगी मोठी झाल्यावर पडदा झुगारून घोड्यावर बसली आणि गावोगाव हिंडली; तिच्या नातीनं बुरख्यात राहून राज्य चालवलं. विषय सोन्यासारखा होता, यात वाद नाही. तो सरांच्या तावडीत सापडला, हे त्या बिचाऱ्या बेगमांचं नशीब.

या विषयावर सर पीएचडी करत होते. मी नोकरीला लागले तेव्हा करत होते आणि माझे केस पिकले तेव्हाही करत होते. त्यांना उर्दू येत नव्हतं, फारसी येत नव्हतं, आणि येत नाही याची खंतही नव्हती. इंग्रजी पुस्तकांतून टिपणं काढायची, ती कार्डांवर उतरवायची, कार्डं बुटांच्या खोक्यांत लावायची आणि खोकी माझ्या कपाटात ठेवायची, हे त्यांचं संशोधन. कपाटाला त्यांनी स्वतःचं कुलूप लावलं होतं. नियमाप्रमाणे एक जादा किल्ली माझ्याकडं असे.

बायकांच्या राज्याचा अभ्यास करणारा हा माणूस घरी बायकोशी कसा वागत असेल, असं तुमच्या मनात आलंच असेल. तसाच वागायचा. जेवल्यावर ताट उचलत नसे. आमच्याकडचे निम्मे पुरुष उचलत नाहीत, आणि त्यांनी कुठल्या राणीचं नावही ऐकलेलं नसतं. माझा राग त्याबद्दल नाही.

कुणी काहीही सांगितलं की सरांचा एकच प्रश्न असे, "साधन काय?" म्हणजे पुरावा कुठला. शिपाई म्हणाला, उद्या सुट्टी आहे, की "साधन काय?" मी म्हटलं, पुस्तक बाहेर गेलंय, की "साधन काय?" एकदा बाजारात त्यांच्यामागं उभी होते. भाजीवाली म्हणाली, वांगी सकाळची तोडलेली हायेत. सरांनी विचारलंच. ती म्हणाली, "साधन का काय ते मला नाय म्हाईत, मास्तर. देठ बघा, घ्यायचं तर घ्या, नायतर मागच्यांना येऊ द्या." सरांनी देठ बघितला नाही. वांगी घेतली. घरी जाऊन किडकी निघाली असतील अशी मला फार आशा होती.

खालापूर तालुक्यातली मुलं आमच्याकडं पुष्कळ येत. सर वर्गात म्हणत, "खालापुरात रस्ता आहे, गाव नाही. इतिहास तिकडून नुसता जातो, थांबत नाही." पोरं हसत. हसणाऱ्यांत खालापूरचीही असत, कारण गुण सरांच्या हातात.

कॉलेजनं एकदा त्यांना भोपाळला जायला आठ दिवसांची रजा दिली. नोटीस लागली, सहकाऱ्यांनी चहा दिला. आठ दिवसांनी सर परतले आणि तिथल्या तलावांचं, मशिदींचं असं वर्णन केलं की ऐकणारे गप्प झाले. जाताना त्यांनी माझ्या टेबलावर एक पुडा ठेवला. बाकरवडीचा होता, पुण्याचा. भोपाळहून कर्जतला येताना वाटेत पुणे लागतं का, हे मी ग्रंथालयाच्या नकाशात मुद्दाम बघितलं. लागत नाही. पुण्याला त्यांचे मेहुणे राहत. बाकरवडी मी खाल्ली आणि कुणाला काही बोलले नाही.

तरी भोपाळहून एक गोष्ट खरोखरच आली होती. एका बेगमेनं आपल्या घराण्याच्या कारभारावर उर्दूत लिहिलेलं एक जुनं पुस्तक. त्याचं इंग्रजी भाषांतर सरांना मिळालं नव्हतं. ओळखीतल्या कुणीतरी तिथल्या ग्रंथालयातून झेरॉक्स काढून सुटा गठ्ठा पाठवला. झेरॉक्सचा गठ्ठा बरेचदा उलटा येतो, शेवटचं पान वर. सरांना त्यातला आकडाही वाचता येत नव्हता, तेव्हा वर दिसलं ते पहिलं पान, असं धरून त्यांनी बाजारातल्या बाइंडरकडून त्याचा कापडी बांधणीचा ग्रंथ करून घेतला. पाठीवर सोनेरी अक्षरं. कुणी पाहुणा आला की सर तो ग्रंथ उघडत, पहिल्या पानावर तळहात ठेवत आणि क्षणभर डोळे मिटत.

ते पहिलं पान होतंही देखणं. चारी बाजूंनी वेलबुट्टी, आत चार रकाने, रकान्यांत बारीक अक्षरं आणि आकडे. सरांनी त्याचा अर्थ लावला. ही बेगमेच्या दरबारातल्या मानकऱ्यांची यादी आहे आणि त्यांना वाचता न येणारे ते आकडे म्हणजे प्रत्येकाच्या हाताखालचे घोडेस्वार. त्यावर त्यांनी प्रबंधातलं एक प्रकरण लिहिलं. त्या पानाची मोठी प्रत काढून, काच लावून ग्रंथालयाला भेट दिली. खिळा मी ठोकून घेतला. ‘भोपाळ दरबारातील मानकरी व त्यांचे घोडेस्वार’ ही खालची पट्टीही मीच टाइप केली. सहा वर्षं ती फ्रेम माझ्या खुर्चीसमोर होती, आणि एकदाही माझ्या तोंडून "साधन काय?" निघालं नाही.

सुरेखा ठोंबरे तेव्हा एमएला होती. खालापूर तालुक्यातल्या कुंभिवलीची. बाप हायवेलगतच्या एका कारखान्यात पाळीवर जाई आणि उरलेल्या वेळात भाताची शेती बघे. ही रोज टेंपोनं शिळफाट्याला यायची आणि तिथून एसटीनं कर्जतला. बुटकी, दणकट, तेल लावून घट्ट वेणी घातलेली. वर्गात सर म्हणाले होते, "या ग्रंथाची भाषा आता आपल्या भागात कुणाला येत नाही." ते वाक्य तिनं तसंच सोडून दिलं नाही, एवढाच तिचा गुन्हा. शिळफाट्याला जुबेदा आपांचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं. सुरेखाची आई तिथं ब्लाउज टाकायची, आणि गिऱ्हाईक नसलं की आपा उर्दू मासिक वाचत बसलेल्या सुरेखानं पाहिल्या होत्या. तिनं सरळ जाऊन विचारलं, "आपा, मला हे शिकवाल का?"

"कशाला गं पोरी? नोकरी लागंल यानं?"

"नाय. वाचता येईल."

आपांना ते उत्तर आवडलं असावं. कापड आखायच्या खडूनं त्या काळ्या अस्तराच्या तुकड्यावर अक्षरं काढून देत, ही गिरवी, मग तुकडा झटकायचा आणि पुढचं अक्षर. आठ महिने हे चाललं. सरांना पत्ता नव्हता. मला होता, कारण उर्दूचा कोश तिला मीच दुसऱ्या कॉलेजातून मागवून दिला होता. त्या कोशाची मला उगीचच फुशारकी होती.

एका दुपारी ती माझ्यासमोर येऊन त्या फ्रेमकडं बघत उभी राहिली. बराच वेळ. मग जवळ जाऊन काचेवर बोट ठेवून आकडे वाचू लागली.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "हे घोडेस्वार खाली खाली वाढत का जातात?"

"म्हणजे?"

"वरच्याकडं बारा, मग एकोणीस, मग सव्वीस. खालच्याकडं दोनशेच्या वर. असा कुठला दरबार, शेवटच्या माणसाकडं सगळ्यात जास्त घोडी?" तिनं मग वरच्या चौकटीतले शब्द एकेक अक्षर लावत वाचले. "मॅडम, हा पहिला रकाना पानाचा हाय. दुसरा ओळीचा. तिसऱ्यात ‘चूक’ आणि चौथ्यात ‘बरोबर’. हे शुद्धिपत्र हाय, मॅडम. छापताना झालेल्या चुका. पुस्तकाचं शेवटचं पान."

मी इतकी हसले की वाचनकक्षातली पोरं माना वर करून बघू लागली. सुरेखा हसली नाही. तिला सरांना सांगायचं होतं.

"सांगू नकोस," मी म्हटलं. "लटकू दे."

"प्रबंधात जाईल ना ते. लोक हसतील सरांना."

मला तर तेच हवं होतं. पण पोरगी सरळ. दुसऱ्या दिवशी ती पंख्याखालच्या टेबलाशी गेली, वही छातीशी धरून. मी काउंटरवर होते, कान तिकडं.

"सर, ती यादी... ते चुकांचं पान हाय, सर. पुस्तक उलटं बांधलंय."

"साधन काय?"

तिनं तो कापडी ग्रंथ मागून उघडला. शेवटी सरांच्या लेखी कोरा कागद आणि काहीबाही होतं; तिथं पुस्तकाचं नाव होतं, लेखिकेचं नाव होतं आणि त्याच्या पुढच्या पानावर एकचा आकडा होता. तिनं बोट ठेवून वाचून दाखवलं. सर बघत राहिले. त्यांचा कान लाल झाला.

"तुला हे कुणी शिकवलं?"

"शिळफाट्याच्या जुबेदा आपांनी. ब्लाउज शिवतात त्या."

"म्हणजे एका शिंपिणीच्या साक्षीवर मी माझं प्रकरण बदलायचं?" ते मोठ्यानं म्हणाले, सगळ्या कक्षाला ऐकू जाईल असं. पोरं हसली. सुरेखा खाली मान घालून उभी राहिली.

आठवड्यात फ्रेम भिंतीवरून गेली. प्रबंधातलं ते प्रकरण गेलं. सर स्वतः बाइंडरच्या दुकानात गेले आणि भर बाजारात त्याला झाप झाप झापलं, की तुझ्या अडाणीपणामुळं एका दुर्मिळ ग्रंथाचं वाटोळं झालं. चोराच्या उलट्या बोंबा. त्या गरीब माणसानं ग्रंथ फुकट पुन्हा बांधून दिला. सहकाऱ्यांना सरांनी सांगितलं, "माझ्या लक्षात आलं म्हणून बरं." मी तिथंच होते. मी चहा ओतत होते.

सर एवढ्यावर थांबले असते तर मी हे लिहिलं नसतं. मूर्खपणा कुणाचाही होतो आणि त्याला हसून सोडून देता येतं. पण सरांनी सुरेखाला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "तुला वाचता येतंय ना? मग वाच. सगळा ग्रंथ मराठीत उतरव. मी तपासेन. पुस्तक निघेल तेव्हा माझ्या नावाशेजारी तुझं नाव येईल." ज्याला अलिफ कळत नव्हता तो तपासणार होता. सुरेखाला तो शब्द खरा वाटला. खरं म्हणजे मलाही वाटला.

एमए झाल्यावरही अडीच वर्षं ती दर शनिवारी येत राहिली. घरची कामं, एका शाळेत तात्पुरती शिकवणी, आणि रात्रंदिवस ते भाषांतर. अडलेले शब्द घेऊन आपांकडं जायची. आपांनाही अडलं तर त्या कुणाकुणाला विचारून ठेवायच्या. एकेक वही भरली की सरांकडं द्यायची, सर कपाटात ठेवायचे. अकरा वह्या झाल्या. मी त्या मधूनमधून वाचायची. पहिल्या दोन वह्यांचं मराठी दगडधोंड्यांतून चालल्यासारखं होतं. सातव्या-आठव्या वहीत ते इतकं सहज झालं, की ती बेगम आपल्याच गावची वाटावी.

एकदा सुरेखा डोळे चमकवत माझ्याकडं आली. "मॅडम, ही बाई स्वतः गावोगाव जायची. जमीन किती, पीक किती, कुणावर जुलूम झाला, सगळं तिथंच बसून विचारायची. कागदावर एक आणि शेतात दुसरंच असतं, हे तिला म्हाईत होतं. आमच्याकडं तलाठ्याला अजून बांध दिसलेला नाय, आणि ही राणी असून बांधावर उभी!" सरांना हेच सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ते शेतीबितीचं पाल्हाळ वगळ गं. दागिन्यांचं, पडद्याचं काय लिहिलंय ते बघ." तिनं वगळलं नाही. आणि सरांच्या प्रबंधात पुढं सगळ्यात वाखाणलं गेलेलं प्रकरण कुठलं असेल? बेगमेची गावभेट आणि जमीन महसूल.

प्रबंध सादर झाला. तोंडी परीक्षेला सर सूट शिवून गेले. परीक्षकांपैकी कुणालाच उर्दू येत नव्हतं. आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय. सर डॉक्टर झाले. कॉलेजनं सत्कार केला, शाल आली, श्रीफळ आलं, दारावरची पाटी बदलली. प्रबंधाची एक प्रत ग्रंथालयाला मिळाली. तीत उर्दू ग्रंथाचे उतारे पानापानांवर होते आणि खाली लिहिलं होतं, ‘भाषांतर प्रस्तुत अभ्यासकाचे’. सुरेखानं ती प्रत माझ्या काउंटरवर उभ्यानंच चाळली. ओळखीची वाक्यं दिसत होती, एकही शब्द न बदललेली. कुठंही ती नव्हती.

"राहू दे ते," ती शेवटी म्हणाली. "माझ्या वह्या तरी देतील ना? मला त्याच्यावर माझा प्रबंध करायचाय. दुसऱ्या कॉलेजातल्या बाई मार्गदर्शन करते म्हणाल्यात. फक्त वह्या पायजेत."

सरांकडं ती तीनदा गेली. पहिल्यांदा ते म्हणाले, बघू. दुसऱ्यांदा म्हणाले, पुस्तकासाठी लागतील. तिसऱ्यांदा म्हणाले, "त्या वह्या माझ्या संशोधनाचं साधन आहेत. ग्रंथ माझा, कल्पना माझी, तू नुसता हात चालवलास."

तशीच ती माझ्याकडं आली. रडली नव्हती. घामानं वेणी मानेला चिकटली होती.

"मॅडम, कपाटाची किल्ली तुमच्याकडं पण हाय ना?"

किल्ली माझ्या खणात होती, माझ्या पोटापासून वीतभर अंतरावर. वह्या तिच्या होत्या, अक्षर तिचं होतं, हे मला जगातल्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. सर वर्गावर होते. पाच मिनिटांचं काम. मी म्हटलं, "असं मला देता येत नाही गं. सरांची चिठ्ठी आण."

हे मी का म्हटलं, ते सरळ सांगून टाकते. सरांशी वैर धरून मला तिथं आणखी वर्षं काढायची होती. आणि पोटात कुठंतरी असंही होतं, की ही कालची पोर, खालापूरकडची, हिचं एवढं काय अडणार आहे? सरांवर मी इतकी वर्षं तोंड वाकडं करत आले, आणि वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून त्यांचंच ‘साधन काय?’ निघालं, फक्त माझ्या शब्दांत.

सुरेखानं माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे, एखादा शब्द कोशात सापडला नाही की बघायची, तशी. मग म्हणाली, "ठीक हाय. मला सगळं पुन्हा लिहिता येईल. त्यांना एकदाबी नाय येणार." आणि जिना उतरून गेली.

पुढचं मला कानावर आलं ते तुकड्यातुकड्यांनी. मूळ ग्रंथही सरांच्या कपाटात, तेव्हा तिला परत सुरुवात करायची तर पुस्तकच नव्हतं. आपांची एक भाची भोपाळकडं दिलेली होती. आपांनी लग्नसराई संपल्यावर दुकानाला कुलूप लावलं आणि दोघी भोपाळला गेल्या. सरांना हयातभरात जो प्रवास झेपला नाही, तो एका शिंपिणीनं आणि शेतकऱ्याच्या पोरीनं एका उन्हाळ्यात केला. पुस्तकाच्या सगळ्या पानांचे फोटो त्यांनी फोनवर काढून आणले. सुरेखानं पहिल्या पानापासून सगळं पुन्हा केलं, नोकरी सांभाळून.

सर तोवर निवृत्त झाले होते. त्यांचं पुस्तक ‘येतंय, येतंय’ असं दर दिवाळीला ऐकू यायचं. अकरा वह्या आणि एक प्रबंध हाताशी असूनही ते निघालं नाही, कारण प्रकाशकानं म्हणे दोन-तीन ठिकाणी मुळाशी ताडून बघायला सांगितलं. ताडायचं कुणी?

सुरेखाचं पुस्तक निघालं ते माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी. मी दोन प्रती मागवल्या. आणि तीनच आठवड्यांत सर ग्रंथालयात आले. बऱ्याच दिवसांनी पाहत होते त्यांना. हातात काठी, बुशशर्ट तसाच कडक, पण गळ्याशी सैल झालेला. पंख्याखालच्या टेबलाशी एक मुलगी अभ्यास करत बसली होती. सरांनी तिकडं बघितलं, घसा साफ केला नाही, आणि काउंटरशी आले.

"तिचं पुस्तक आलंय म्हणे."

मी दिलं. त्यांनी बसायला खुर्ची घेतली नाही. काठी काउंटरला टेकवली आणि उभ्यानंच पुस्तक उघडलं. अनुक्रमणिका बघितली नाही, प्रस्तावना बघितली नाही. ऋणनिर्देशाचं पान काढलं. दीड पानाचा होता तो. त्यात आपा होत्या, आपांचं दुकान होतं, भोपाळची भाची होती, मार्गदर्शक बाई होत्या, पहाटे उठून डबा देणारी आई होती, शनिवारी जागा धरून ठेवणारा टेंपोवाला होता. सरांचं बोट एकेका ओळीवरून खाली सरकत होतं. शेवटच्या ओळीशी ते थांबलं. मग पान उलटून पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झालं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. डोळ्यांत पाणी होतं की म्हातारपणाची ओल, मला सांगता येणार नाही.

"राहून गेलं असेल," ते म्हणाले. "नाही का हो?"

मी हसायला हवं होतं. इतकी वर्षं मी ज्या क्षणाची वाट बघत होते तो हाच होता. पण मला हसू आलं नाही. कारण पुस्तकाचं पार्सल आलं त्या सकाळी, शिक्का मारायच्या आधी, मीही सगळ्यात पहिल्यांदा तेच पान उघडलं होतं. असंच बोट फिरवलं होतं. आणि तेही दोनदा.

"नाही," मी म्हटलं. "राहून गेलेलं नाही."

त्यांनी पुस्तक मिटून माझ्याकडं सरकवलं. काठी घेतली आणि एकेक पायरी बघत जिना उतरू लागले. मी काउंटरवरून उठले नाही.